गर्भपिशवी दोन भागांत आहे म्हणतात, ऑपरेशन करू का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 29. दिवस राहायला कधी अडचण आली नाही, पण दोनदा मिसकॅरेज झालं, एकदा नवव्या आणि एकदा अकराव्या आठवड्यात. आता सोनोग्राफीत बायकॉर्न्युएट युटेरस आलंय. घरचे म्हणतात ऑपरेशन करून टाक. माझ्यातच दोष आहे का?

उत्तर: आधी शेवटचं सांगते. दोष वगैरे काही नाही हो, तुम्ही काही खाल्लं, काही उचललं म्हणून हे झालेलं नाही. आपण आईच्या पोटात असतानाच दोन बारीक नळ्या एकमेकींना जुळतात आणि मधली भिंत विरघळून एक पिशवी होते. नळ्या वर नीट जुळल्याच नाहीत तर दोन शिंगांची पिशवी, म्हणजे बायकॉर्न्युएट, आणि जुळल्या पण भिंत राहून गेली तर सेप्टेट, म्हणजे पडद्याची पिशवी.

आता मुद्दा असा की साध्या सोनोग्राफीत किंवा एचएसजीत, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत, या दोघींत गल्लत सहज होते, कारण आतली जागा दोन्हींत दुभंगलेलीच दिसते, खरा फरक पिशवीच्या माथ्याच्या बाहेरच्या आकारात असतो. म्हणून ऑपरेशनचं नाव काढण्याआधी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्याच. मिसकॅरेजचं प्रमाण पडद्यात जास्त दिसतं. पडदा दुर्बिणीने कापता येतो, पोट फाडावं लागत नाही, पण 2021 साली आलेल्या एका अभ्यासात 80 बायकांमध्ये पडदा कापलेल्यांना जास्त बाळं झाली असं काही दिसलं नाही, अभ्यास लहानच होता तरी मी घाई करायला सांगणार नाही. आणि खरंच बायकॉर्न्युएट निघालं तर सहसा ऑपरेशन करतच नाहीत.

दोन मिसकॅरेज झालीत तर सगळं खापर पिशवीवर फोडून थांबू नका, थायरॉइड, शुगर, रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज पण तपासा. आणि किडन्यांची सोनोग्राफी, कारण पिशवी आणि किडन्या पोटात शेजारीशेजारीच घडतात, कधी एक किडनी नसतेच आणि बाईला पत्ताही नसतो.

अशा पिशवीत बाळ पूर्ण दिवसांचं होऊन जन्मलेल्या कितीतरी बायका आहेत. फक्त पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच दाखवा, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजत राहतील, कळा वेळेआधी येऊ शकतात आणि बाळाला फिरायला जागा कमी म्हणून ते पायाळू राहू शकतं, मग सिझेरियनची तयारी मनात असू द्या.