आधी तानपुरा ऐक, मग किंमत बघ

अरे, 'एलएस३/५ए' या छोट्या स्पीकरला तुझ्यासारखा मीही वर्षानुवर्षं हसायचो. चपलांच्या खोक्याएवढा डबा, ५ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग), संवेदनशीलता (ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो ती) जेमतेम ८३ डेसिबल, आणि किंमत ही! मग मित्राच्या दिवाणखान्यात तासभर ख्याल ऐकला. तानपुऱ्याची जवारी (तारांची ती गुंजणारी झणझण), तानेआधी घेतलेला श्वास... गप्पच झालो. बीबीसीने ते १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत, जवळून ऐकायला बनवले. हॉलभर ढोल घुमवायला नव्हेत.

तू दुकानात स्पीकर ऐकायला जाशील तेव्हा ओळखीचं रेकॉर्डिंग ने. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांग. किंचित मोठा वाजणारा नेहमी सरस वाटतो (दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं). भिंतीपासूनचं अंतरही मोजून घे. घरी कोपऱ्यात सरकवलेस तर बास (खालचे सूर) फुगणार.