कारखान्यात एचआरचा कुठलाही बदल आणला की लोक विरोध करतात. कन्सल्टंट नेमावा का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नाशिकजवळ अंबडला दोनेकशे माणसांचा कारखाना, तुम्ही नवे एचआर मॅनेजर. मालकांना शिफ्टची वेळ बदलायची आहे आणि पगारवाढ रेटिंगवर द्यायची आहे. सुपरवायझर मीटिंगमध्ये "हो साहेब" म्हणतात आणि खाली जाऊन काहीच करत नाहीत.

मी स्वतः कन्सल्टंट आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात १८ वर्षं हेच करतोय. त्यामुळे नेमा की नको हे माझ्या तोंडून ऐकताना थोडं सांभाळून ऐका. आधी माझी एक फजिती सांगतो, कारण तुमचा शिफ्टचा प्रश्न जवळजवळ तोच आहे.

सातपूरच्या एका कंपनीत पहिली शिफ्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३० होती. ऑफिस आणि डिस्पॅच ९ नंतर हलायचं, ग्राहकाचा इन्स्पेक्टर १० शिवाय यायचा नाही. म्हणून सगळ्यांना ८.३० ते ५ करायचं ठरलं. तास तेवढेच, पगार तेवढाच, उलट सकाळी दीड तास जास्त झोप. मी छान स्लाइड्स केल्या, कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लावला, चहा-समोसे झाले. कुणी एक शब्द बोललं नाही. ती शांतता मी होकार समजलो. आजही आठवलं की लाज वाटते.

ऑक्टोबर उजाडला आणि खाडे सुरू झाले. आधी चार, मग अकरा, मग एका सोमवारी अर्धी लाइन रिकामी. मालक म्हणाले, यांना बदलच नको असतो. मीही मान डोलावली. शेवटी एका जुन्या सुपरवायझरने मला गेटबाहेरच्या टपरीवर नेलं आणि विचारलं, "साहेब, गोडी छाटणी कधी असते माहितीये का?"

गोडी छाटणी म्हणजे द्राक्षाची ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. मला माहीत नव्हतं. म्हणजे नाशिकचा असून नव्हतं! त्या लाइनवरच्या निम्म्या लोकांची दिंडोरी नाहीतर निफाडकडे दोन-तीन एकर द्राक्षं. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्याजवळ घरचं माणूस उभं राहावं लागतं. पुढे काड्यांना पेस्ट लावणं, घड औषधात बुडवणं (डिपिंग), मणी विरळ करणं (थिनिंग), औषधाच्या फवारण्या. साडेतीनला सुटणारा माणूस साडेचारला बागेत पोचायचा, हातात दीड तास उजेड असायचा. पाचला सुटला की पोचेपर्यंत अंधार. आम्ही त्याच्या आठ तासांना हात लावला नव्हता, हे खरं. पण त्याच्या दुसऱ्या उत्पन्नाला लावला होता आणि ते आमच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

तेव्हापासून "विरोध" हा शब्द मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. प्रत्येक माणूस बदल ऐकताक्षणी मनात एक हिशेब मांडतो: बस, ओव्हरटाइम, शेत, मुलांची शाळा, म्हातारी आई. तो हिशेब तो मॅनेजरला सांगत नाही, दांडी मारून दाखवतो. आपलं काम तो आधी समजून घेण्याचं. तुमच्याकडे वेळ बदलायची असेल तर मस्टर घ्या आणि दोनशेच्या दोनशे नावांसमोर लिहा: कुठल्या गावाहून येतो, कशाने येतो, सुटल्यावर कुठे जातो. आठवडा जाईल, जाऊ द्या.

हा काही माझा शोध नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मारियन गावी पायजमे शिवणारा एक कारखाना होता. तिथे कोच आणि फ्रेंच या दोघांनी केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत थोडीशीच बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला: उत्पादन घसरलं ते वर आलंच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांना बदल ठरवण्यातच घेतलं, ते लवकर सावरले आणि आधीच्यापेक्षा पुढे गेले. त्यांच्यातलं कुणी सोडून गेलं नाही. मी हे कॉलेजात पाठ करून मार्क मिळवले होते. कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लावताना मात्र आठवलं नाही.

रेटिंगचं थोडक्यात. मालक जर बेल कर्व्ह म्हणत असतील, म्हणजे ठरावीक टक्के लोक वर आणि ठरावीक टक्के तळाला टाकायचेच, तर त्यांना हिशेब करून दाखवा. सात जणांच्या टूलरूममध्ये तळाचे १० टक्के म्हणजे पाऊण माणूससुद्धा होत नाही, तो कुठून कापणार? मायक्रोसॉफ्टनेही २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. आणि तुमचा सुपरवायझर सगळ्यांना ५ पैकी ३ देणार, लिहून घ्या. तो आळशी नसतो. ज्याला २ द्यायचे त्याच्या शेजारी बसून त्याला रोज कंपनीच्या बसने घरी जायचं असतं. वाईट बातमी सांगायची वेळ आली की वरचे सगळे साहेब मागे सरकतात आणि एचआर फॉर्म पुढे करतं, हे त्याने पाहिलेलं असतं. पहिलं वर्ष रेटिंग ठेवा, पण पगाराशी जोडू नका. मालक कुरकुर करतील.

कायद्याचं तुमच्याकडून राहून गेलंय असं वाटतं. कामाचे तास, विश्रांतीची सुट्टी, शिफ्ट, इतकंच काय वर्षानुवर्षं चालत आलेली एखादी सवलत, यांत कामगारांच्या विरुद्ध जाणारा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ मध्ये ते होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये आहे. तुमच्या कारखान्याला स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे मंजूर नियम) असतील तर त्यांत शिफ्टबद्दल काय लिहिलंय तेही काढून वाचा. युनियन असेल तर नोटीस बोर्डावर लागण्याआधी त्यांना बोलवा. बोर्डावर वाचून कळलं तर दुसऱ्या दिवशी गेट मीटिंग ठरलेली.

आता कन्सल्टंट. नेमायचाच तर त्याला पहिले आठ दिवस लॅपटॉप न उघडता लाइनवर उभं राहायला सांगा. नाही म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. पगाराची रचना, ग्रेड, कायदेशीर कागद यांसाठी बाहेरचा माणूस उपयोगी पडतो. लोकांशी बोलण्यासाठी नाही, कारण सहा महिन्यांनी मी निघून जाणार हे वॉचमनलाही ठाऊक असतं.

सातपूरच्या त्या कंपनीत पुढे आम्ही माघार घेतली. वेळ फक्त डिस्पॅच आणि क्वालिटीच्या १४ जणांची बदलली, तीही कोण तयार आहे ते विचारून. बाकी लाइन पुन्हा सातला. ही तोड त्या टपरीवाल्या सुपरवायझरनेच काढली, मालकांपुढे मांडलीही त्यानेच, मी नुसता शेजारी बसलो होतो. बिल मात्र पूर्ण लावलं.