खाऱ्या पाण्याच्या टँकची सॅलिनिटी १.०२९ झाली आहे, ती खाली कशी आणू?

तुमचा बेत असा दिसतो: टँकमधलं वीस लिटर पाणी काढायचं आणि आरओच्या पाण्याने टँक पुन्हा काठोकाठ भरायचा. कृपा करून तसं करू नका. उपाय तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही लिहिलंय की टँक अडीच फूट बाय सव्वा फूट आहे, दगड-वाळू वगळता साधारण ९० लिटर पाणी मावतं, आणि उन्हाळ्यात वर पंखा लावल्यापासून पातळी इंचभर उतरली आहे.

त्या इंचाचा हिशेब करून बघा. एवढ्या लांबी-रुंदीला इंचभर पाणी म्हणजे सुमारे ७ लिटर. आमटी आटली की खारट लागते, तेच इथे झालंय: पाणी उडालं, मीठ जागच्या जागी राहिलं. ९० लिटरला ३५ पीपीटी (हजार भाग खाऱ्या पाण्यात ३५ भाग मीठ, समुद्रात साधारण एवढंच असतं) असलेलं मीठ ८३ लिटरमध्ये आलं, की खारेपणा ३८ च्या आसपास जातो. मीटर साध्या पाण्याच्या तुलनेत घनता दाखवतो, त्यावर हा खारेपणा १.०२९ च्या जवळच दिसणार. म्हणजे तुमच्या टँकमध्ये मीठ जास्त झालेलं नाहीच, पाणी कमी झालंय. वीस लिटर खारं पाणी काढून गोडं भरलंत तर त्यासोबत हवं असलेलं मीठही जाईल आणि खारेपणा एका दुपारीत २६-२७ वर येईल. क्लाउनफिश कदाचित निभावून नेतील. श्रिंप आणि कोरलची मला खात्री नाही. माशाला शरीरातले क्षार सांभाळता येतात. समुद्रातला मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कोरलकडे अशी सोय जवळपास नसते, बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. श्रिंपकडे असली तरी मर्यादितच.

तेव्हा काहीही काढू नका. रोज दोन लिटर गोडं पाणी, जिथे पंपाचा प्रवाह जोरात आहे तिथे, हळूहळू ओता. दोन लिटरला साधारण एक पीपीटी उतरेल आणि तीन-चार दिवसांत पातळी आणि खारेपणा दोन्ही जागेवर येतील. पाणी आरओचं असलं तरी टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) एकदा तपासा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळलेलं असतं. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं.

मात्र त्याआधी मीटर खरं बोलतोय का ते बघा. तुमचा काट्याचा हायड्रोमीटर आहे, म्हणजे पाणी जितकं खारं तितका त्यातला काटा वर तरंगतो. त्याच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. पाणी भरल्यावर टिचकी मारून बुडबुडे सोडवा, थोडं थांबा, मग वाचा. जमल्यास रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारा मीटर) घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणानेच जुळवा. आरओच्या पाण्यावर शून्य लावलं तर तो शून्यापाशी बरोबर असतो, ३५ पाशी असेलच असं नाही.

पातळी भरलेली असूनही आकडा चढलेला असता, तर मात्र दोन लिटर काढून दोन लिटर गोडं, असं रोज करायचं. उलट आकडा खाली गेला असेल, तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस ३५ पीपीटीचं खारं पाणी भरायचं. कोरडं मीठ टँकमध्ये कधीच नाही, कोरलवर कण पडला तर तिथे जळतं. आणि चढवताना उतरवण्यापेक्षाही सावकाश, कारण माशांना वाढता खारेपणा जास्त जड जातो.

तुम्ही शेवटी विचारलंय की मीठ कमी पडलं तर दुकानातलं खडेमीठ चालेल का. नाही चालणार, आणि याचं कारण आपल्याकडच्या मिठागरांतच दिसतं. उरण-पेणकडे वाफ्यांत समुद्राचं पाणी आटवतात तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम बरंचसं उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. आपल्या घरी येतं ते मधलं पीक, जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. खडेमिठाने मीटरवर ३५ आणता येईल, पण ते समुद्राचं पाणी होणार नाही. मरीन सॉल्टच घ्या, म्हणजे टँकसाठी हे सगळे क्षार घालून तयार मिळणारं मीठ. किनाऱ्यावरून कॅनमध्ये पाणी आणायचाही मोह नको. मुंबईच्या आसपास सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारेपणाच उतरलेला असतो.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे. आता काचेवर मार्करने पातळीची रेघ ओढा (संप, म्हणजे टँकला जोडलेली खालची टाकी, असेल तर तिच्या पंपाच्या कप्प्यावर, कारण उतार तिथेच दिसतो) आणि रोज त्या रेघेपर्यंतच गोडं पाणी भरा. "रोज एक लिटर" असं ठरवून टाकू नका. मे महिन्यात पंख्याखाली जेवढं उडतं, तेवढं जुलैच्या दमट हवेत उडत नाही, आणि ठरलेलं माप टाकत राहिलात तर टँक हळूहळू अळणी होईल. त्याच दिवसांत मिठाची उघडी पिशवी ओल धरते, मग वजनाने तेवढंच मीठ घेऊनही पाणी कमी खारं होतं. घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि नवं पाणी कालवलंत की रात्रभर पंप फिरवून, मोजूनच टँकमध्ये जाऊ द्या.