प्लास्टिक सर्जरीत टाक्यांचा वण इतका बारीक कसा काय राहतो?

लोकांना वाटतं सगळी कमाल बारीक दोऱ्याची, पण खरं काम आतले टाके करतात. कडा ओढल्या गेल्या की वण रुंद होतो, म्हणून आधी त्वचेच्या खालच्या थरात विरघळणारे टाके घालून ताण तिथेच घेतात, गाठ पण खाली दडवतात, आणि वरचे टाके फक्त कडा जुळवायला, त्यापण किंचित उचललेल्या राहतील अशा, कारण वण नंतर आकसून सपाट होतो. चेहऱ्यावर 5-0 नाहीतर 6-0 नायलॉन (हे दोऱ्याच्या जाडीचे नंबर, दोन्ही खूप बारीक), साधारण 5 दिवसांत काढायचं, उशीर झाला की रेल्वेच्या रुळासारख्या खुणा पडतात. टाका घट्ट आवळणं ही तर नवशिक्यांची हमखास चूक, नंतर सूज येतेच की, मग तो टाका कातडीत आणखी रुततो! काही ठिकाणी दोरा कातडीच्या आतूनच नागमोडी नेतात, मग बाहेर टोचल्याच्या खुणांची रांगच दिसत नाही.