शंका घेऊनच ध्यानाला बसावे

प्रश्न : स. न. वि. वि. मी फोंड्याजवळ राहतो. वय ५४, हिशेबनीस म्हणून नोकरी करतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. पत्नी आणि तिच्या मैत्रिणी ध्यानवर्गाला जातात आणि मलाही आग्रह करतात. मी सश्रद्ध आहे, देवळात नियमाने जातो. पण ध्यानाने व्याधी बऱ्या होतात, विश्वातली ऊर्जा शरीरात उतरते, असे कोणी सांगू लागले की मला तेथून उठून जावेसे वाटते. आपण अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि तरीही आपण रोज ध्यान करता, असे आपण या सदरात मागे लिहिले होते. आपला विश्वास कशामुळे बसला? आणि ज्याचा विश्वास नाही त्याने हे करावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण ज्या दाव्यांचा उल्लेख केला आहे, त्यांच्यावर माझा विश्वास आजही बसलेला नाही. उच्च माध्यमिक वर्गांना शिकवताना ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता आणि तिचे एकक ज्यूल, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. त्यामुळे ज्याचे मोजमाप सांगता येत नाही अशा अनुभवाला व्यासपीठावरून हाच शब्द लावला गेला की मला तेव्हाही खटकत असे आणि आताही खटकते. तेव्हा आपली शंका योग्य आहे आणि ती सोडून देण्याचे काही कारण नाही, हे आधीच सांगते. मी ध्यानाला बसू लागले ती शंका मिटल्यावर नव्हे, तर ज्या कृतीसाठी कोणत्याही दाव्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही अशी कृती मला कोणीतरी दाखवली म्हणून.

ते कोणीतरी म्हणजे आमचे कुटुंबाचे डॉक्टर. यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली त्या काळात माझ्या मनाची फार ओढाताण होत असे. डॉक्टरांनी, संध्याकाळी फिरायला जा असे सांगावे तितक्याच साधेपणाने, रोज दहा मिनिटे बसून आपला श्वास मोजायला सांगितले. त्याने काय होईल, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दाव्यांचा गाजावाजा नसल्यामुळेच ते मला करून पाहण्याजोगे वाटले.

आमच्या घराच्या सोप्यावर, भिंतीला पाठ न टेकता, मी सकाळी बसू लागले. एक, दोन, तीन इथपर्यंत श्वास मोजला जाई आणि मग केव्हातरी लक्षात येई, की आपण भाटातल्या नारळांच्या वाटणीवरून जाऊबाईंशी मनातल्या मनात वाद घालत आहोत, तिची उत्तरेही आपणच देत आहोत आणि त्या उत्तरांवर आपल्याला खरोखरीचा रागही येत आहे. नारळ उतरवणारा पाडेली त्या महिन्यात आलाच नव्हता. झाडावरचे नारळ झाडावरच होते. मग पुन्हा एक पासून सुरुवात. हे इतक्या वेळा घडे, की आपले मन आपल्या सांगण्यावरून चालते ही समजूत काही दिवसांतच निघून गेली. मला त्यात निराशा वाटली नाही, उलट कुतूहल वाटले. प्रयोगशाळेत एखादे उपकरण अपेक्षेपेक्षा वेगळे वाचन दाखवू लागले, तर आपण उपकरणाला नावे ठेवत नाही. ते असे का दाखवते, हे पाहतो.

हे माझ्या एकटीच्या मनाचे दुबळेपण नव्हे, हे मला पुढे कळले. हार्वर्ड विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसभरात केव्हाही फोनद्वारे विचारले, की या क्षणी आपण काय करत आहात आणि आपले लक्ष कोठे आहे. तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचे लक्ष हातातल्या कामात नव्हते, आणि लक्ष भरकटलेले असताना ते स्वतःला कमी आनंदी म्हणवत होते. म्हणजे मन भटकणे ही ध्यानातली चूक धरायची नाही. मन भटकले आहे हे लक्षात येणे आणि ते रागावल्याशिवाय परत आणणे, एवढीच ती कृती आहे, आणि ती एका बैठकीत शंभर वेळा करावी लागली तरी बैठक वाया गेली असे होत नाही. नवीन माणसे बहुधा येथेच सोडून देतात, म्हणून मी यावर इतका भर देत आहे.

श्वासाच्या मोजणीचा एक जुना नियम आपल्यासारख्या हिशेबनिसाला आवडेल. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात म्हटले आहे, की मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये; पाचाच्या आत मन कोंडल्यासारखे होऊन अस्वस्थ होते आणि दहाच्या पुढे ते श्वासाऐवजी आकड्यालाच धरून बसते. त्याच ग्रंथात नगराच्या द्वारपालाचा दृष्टान्त आहे : नगरात कोण आहे आणि बाहेर कोण आहे याची चौकशी तो करत बसत नाही, वेशीपाशी आलेल्या माणसाकडे तेवढे पाहतो, त्याप्रमाणे श्वास आत कोठवर गेला, बाहेर कोठवर गेला याच्या मागे न जाता नाकपुडीपाशी त्याचा स्पर्श होतो तेथेच लक्ष ठेवावे.

या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हार्वर्डसाठी सिद्ध केली, ते धर्मानंद कोसंबी आपल्या साखवळचे. १८७६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाला बुद्धाची ओळख प्रथम झाली ती एका मराठी मासिकातल्या लेखातून. १८९९ साली ते ज्ञानाच्या शोधात घर सोडून निघाले, पुणे, काशी, नेपाळ असे करत श्रीलंकेला पोहोचले, तेथे १९०२ साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला. पाठभेद एकेका अक्षरापर्यंत तपासणारा संपादक आणि डोळे मिटून श्वासाकडे पाहणारा साधक एकाच माणसात नांदत होते, याचे मला फार अप्रूप वाटते. चिकित्सक वृत्ती ध्यानाच्या आड येते असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या गोव्याच्या या सुपुत्राचे चरित्र अवश्य वाचावे.

आता मला काय मिळाले, ते सांगते. बैठकीत शांतता लाभली असे मी म्हणणार नाही. काही दिवशी लाभते, पुष्कळ दिवशी लाभत नाही. बदल दिसला तो दिवसाच्या इतर वेळी. एकदा नारळांच्या त्याच वाटणीबद्दल फोन आला असता, उत्तर देण्याच्या आधी मला जाणवले, की आपला जबडा आवळला गेला आहे, डाव्या खांद्याला ताठरपणा आला आहे आणि श्वास वरच्या वर अडकला आहे. शब्द अजून जिभेवर आला नव्हता. पूर्वी हे सर्व एकाच झटक्यात होत असे आणि राग आला होता हे फोन ठेवल्यावर कळत असे. त्या दिवशी मी श्वास सोडला आणि मग बोलले. बोलणे तेच होते, मुद्दाही मी सोडला नाही. परंतु संभाषण भांडणाच्या वाटेने गेले नाही. ही एवढीशी जागा मला या अभ्यासातून मिळाली आणि तिच्यासाठी मी रोज बसते.

आपल्या रक्तदाबाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंद होते. वयानुसार हा फरक कमी होत असला तरी तरुण माणसाच्या मनगटावर बोट ठेवून तो आपल्याला तपासता येईल. संथ, दीर्घ उच्छ्वासाने शरीर सैलावते, त्यामागे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या प्राणेशा (व्हेगस) मज्जातंतूचे हे कार्य आहे. यावरून ध्यान हा रक्तदाबावरचा उपचार ठरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली पुराव्यांचा आढावा घेऊन एवढेच म्हटले, की नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करता येईल. गोळी चालूच ठेवावी आणि तिची मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवावी.

व्यापक पुरावा पाहायचा तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी थोडी सुधारणा दिसली. झोप आणि एकाग्रता यांबाबत पुरावा अपुरा ठरला. आणि औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचारपद्धतींपेक्षा ध्यान सरस आहे असे कोठेही आढळले नाही. झोपेसंबंधी त्यानंतर २०१५ साली ज्येष्ठांवर झालेल्या एका चाचणीत लाभ दिसला, पण तीत केवळ ४९ व्यक्ती होत्या. मला हे निष्कर्ष ध्यानाची बाजू दुबळी करणारे वाटत नाहीत. सायंकाळी चालायला जाण्याने जितके मिळते तितके बसण्याने मिळत असेल, तर दोन्ही करावे. पहाटेच्या जागेपणात झोप यावी म्हणून ध्यान करू नका. झोपेची वाट पाहत केलेले ध्यान म्हणजे झोपेचीच चिंता होते. आपण घोरत असाल तर झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का, हेही एकदा तपासून घ्या, कारण रक्तदाब आणि तुटक झोप या दोहोंशी त्याचा जवळचा संबंध असतो.

प्रश्न : माझी आई म्हापशाला राहते. गेल्या वर्षापासून तिला नैराश्यावरची औषधे चालू आहेत. नात्यातील काहींच्या सांगण्यावरून ती दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे म्हणते आणि तोपर्यंत गोळ्या बंद कराव्यात असेही तिच्या मनात आहे. मी तिला अडवावे का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : गोळ्या बंद करण्यापासून तिला नक्की अडवा. नैराश्यावरची औषधे एकाएकी थांबवल्याने त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. तो निर्णय तिच्या मनोविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा.

शिबिराचे स्वरूप तिला नीट समजावून सांगा. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आणलेली ही पद्धत आहे आणि इगतपुरीचे केंद्र १९७६ पासून चालू आहे. पहाटे चारला उठणे, दिवसाकाठी सुमारे दहा तास बसणे, दहापैकी नऊ दिवस मौन, फोन नाही, वाचन नाही. शुल्क आकारले जात नाही, ही मला अत्यंत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे. तथापि, ज्यांना गंभीर मानसिक विकार आहे त्यांना हे शिबिर योग्य नाही असे आयोजक स्वतःच सांगतात आणि अर्जात आजारांची व औषधांची माहिती विचारतात. ती माहिती लपवू नये. इतका काळ एकांतात बसल्यावर दडपलेल्या आठवणी आणि भीती वर येऊ शकतात, आणि आजारी मनाला तो भार सोसवेलच असे नाही.

आपल्याला आणखी एक सांगावेसे वाटते. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी रुग्णांना त्यांची सुटलेली कामे, भेटीगाठी, आवडीनिवडी पुन्हा हळूहळू सुरू करायला मदत केली आणि त्याचा चांगला उपयोग झाला. तेव्हा आईला या घटकेला मौनापेक्षा माणसांची आणि हातांना कामाची अधिक गरज असेल. तिला तुळशीला पाणी घालताना, फुले गुंफताना सोबत करा. शेजारच्या देवळात भजनाला घेऊन जा. बसायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून, आपल्या सोबतीने, पाच मिनिटे पुरेत. शिबिराचा विचार प्रकृती सुधारल्यावर डॉक्टरांना विचारून करता येईल.

प्रश्न : वास्कोला पाळीत काम करतो. ध्यानाला बसलो की डुलकी लागते, मांडी घालून गुडघे दुखतात आणि घरात सतत आवाज असतो. काय करावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपण दुपारी जेवणानंतर बसत असाल तर डुलकी लागणारच, गोव्यात ती वेळ विश्रांतीची आहे आणि तेव्हा झोपणेच बरे. पाळी बदलत असल्यामुळे घड्याळाची वेळ न धरता उठल्यावर, दात घासून, फोन हातात घेण्यापूर्वी बसण्याचा नियम करा. पाळी कोणतीही असो, हा क्रम टिकतो. मांडीचा आग्रह नको. साध्या खुर्चीत पाठ न टेकता, पावले जमिनीवर सपाट ठेवून बसा. आवाजासाठी खोली बंद करून घेऊ नका. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला, तर तो ऐकू आला एवढे मनात नोंदवा आणि मोजणी एक पासून पुन्हा सुरू करा. आरंभी दहा मिनिटे, आणि रात्रपाळी संपवून फारच थकून आलात त्या दिवशी तीन मिनिटे, पण तीही बसूनच.