वाचकांचे प्रश्न: लिंबाचा शोध लागूनही खलाशी का मरत राहिले?

प्रश्न: जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरने स्कर्व्हीवर (सी व्हिटॅमिन न मिळाल्याने होणाऱ्या आजारावर) लिंबू शोधलं म्हणतात, मग ब्रिटिश नेव्हीने ते लगेच का नाही घेतलं?

उत्तर: चांगला प्रश्न! लिंड एडिनबराचा, १७४७ मध्ये सॅल्सबरी जहाजावर सर्जन होता. हिरड्या सुजलेले, अंगात त्राण नसलेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि जेवण सगळ्यांना सारखंच, फक्त औषध वेगळं, म्हणजे कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी (बिचारे!) आणि एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यातला एकजण कामाला लागण्याइतका ठणठणीत झाला.

१७५३ मध्ये त्याने हे पुस्तकात छापलं, पण जाडजूड पुस्तकात हा प्रयोग मोजक्या पानांत उरकलाय. वर रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवायचा सल्ला दिला, आता उष्णतेने सी व्हिटॅमिन जातं हे तेव्हा कुणाला ठाऊक? नेव्हीने लिंबाचा रस रीतसर सुरू केला १७९५ मध्ये, म्हणजे लिंड १७९४ मध्ये वारला त्याच्या पुढच्या वर्षी.