आजी काटकसरी, काका चिक्कू

"मॅडम, माझी स्मरणशक्तीच कमी आहे. मराठी माध्यमातल्या मुलांचं असंच होतं का?" ती बसता बसताच म्हणाली. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) दहावीपर्यंत मराठी शाळा, मग इंजिनीअरिंग, आता परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेची तयारी. रोज 50 इंग्रजी शब्द पाठ करायची. आठवड्यानं त्यातले दहाही आठवायचे नाहीत. ही तक्रार मला नवी नाही.

मी तिची वही मागितली. सुरेख अक्षर, डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, सगळं वर्णानुक्रमे. पहिल्याच पानावर 'अबेट' दोनदा. स्पेलिंग वेगळं, उच्चारात उन्नीस-बीस. एकाचा अर्थ ओसरणे, दुसऱ्याचा गुन्ह्याला साथ देणे. शेजारी बसवलेली अशी जुळी एकमेकांच्या पायात पाय घालणारच.

पुढे 'फ्रूगल', 'पार्सिमोनियस', 'मायझर्ली'. तिघांपुढेही एकच अर्थ : कंजूष.

"आजी पैशाला कशी आहे गं तुझी?"

"काटकसरी. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालते."

"म्हणजे कंजूष."

"नाही हं!" ती चिडलीच. "कंजूष आमचे काका. चिक्कू नुसते. लग्नात रिकामं पाकीट दिलं होतं."

"मग आजी फ्रूगल, काका पार्सिमोनियस."

ती खळखळून हसली. हे लिहून घ्यायची तिला गरज वाटली नाही.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून विसरण्याचा वेग स्वतःवरच मोजला होता; ते निष्कर्ष 1885 साली प्रसिद्ध झाले. एका दिवसात बरंचसं पुसलं जायचं. हिची यादीही तशीच, बिनमाणसांची. त्यात ती अर्थ समोर ठेवून वाचायची. मग सगळं येतंय असंच वाटणार.

चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करायला सांगितले. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराची ही पद्धत 1972 पासूनची. कार्डावर पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. आधी उत्तर तोंडानं म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पुढचे कप्पे अधिकाधिक उशिरा उघडायचे. रोज नवे शब्द फक्त 12, तेही क्रम मोडून.

"अशानं यादी कधी संपणार?"

"नाही संपणार," मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

तीन आठवड्यांनी खोकं घेऊन आली. पहिला कप्पा अजून गच्च होता, पण चौथ्यातही कार्डं दिसत होती. मी विचारलं, "मायझर्ली कुणाला दिलास?"

"घरमालकांना."